बाबांच्या मांडीवरची सावली

रविवारी सकाळी आम्ही बाबांना खुर्चीसकट अंगणात आणून ठेवलं. डॉक्टरांनी औषधं बंद केली होती, घरी न्या म्हटलं होतं, आणि निघताना काहीतरी सांगायचं म्हणून रोज ऊन द्या एवढं सांगितलं होतं. आम्ही बहीणभावांनी तेवढंच घट्ट धरलं. ऊन मिळालं की बाबा सावरतील, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

अंगणात कामांचा ढीग होता. फाटकाला रंग, गळका नळ, टोमॅटोच्या वाफ्याची खुरपणी. बरे असताना बाबा हे सगळं एकटे उरकायचे आणि आम्हाला कामचुकार म्हणायचे. आज धाकट्याने आपण होऊन ब्रश हातात घेतला, तर बाबा म्हणाले, फाटक रंगव, पँट नको. आम्ही हसलो. खूप दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

थोड्या वेळाने बाबा कुडकुडायला लागले. पाहिलं तर त्यांच्या मांडीवरच्या शालीवर पानांची सावली पडली होती. अंगणातल्या पेरूची असणार म्हणून मी खुर्ची उन्हात सरकवली. वाफ्याकडे वळते न वळते तोच सावली परत मांडीवर. मग खुर्ची पार फाटकापाशी नेली, जिथे ऊन डोळ्यांत खुपत होतं. तिथेही ती आली. वारा अजिबात नव्हता, तरी पानं हलत होती.

मी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. दिसेल ते आणि तेवढंच लिहायचं, याचाच मला पगार मिळतो. पेरूची सावली पलीकडे, भिंतीवर पडली होती. फाटकापाशी तर झाडाचा मागमूसही नव्हता. मी हे धाकट्याला दाखवलं, पण त्याला ते ऐकायचंच नव्हतं. त्याने करवत काढली.

पेरू बाबांनीच लावलेला. त्यांना विचारलं, तर त्यांनी मान हलवली.

"तोड हवं तर. पण ती सावली या झाडाची नाही. दवाखान्यातही होती."

"दवाखान्यात डोक्यावर छत होतं, बाबा," मी म्हणाले.

"होतं की. तरी होती."

धाकटा घामाघूम होऊन फांद्या उतरवत राहिला. दुपारपर्यंत नुसता बुंधा उरला. कच्च्या पेरूंचा आणि ओल्या लाकडाचा वास सुटला. अंगणात आता उन्हाला अडवणारं काही राहिलं नव्हतं, आणि बाबांच्या शालीवर पानं तशीच हलत होती. ती पोटापर्यंत चढली होती.

मी वाफ्याच्या कडेची एक फळी उचलली आणि त्यांच्या मांडीवर आडवी धरली. फळीवर लख्ख ऊन पडलं. तिच्यावर एकही पान नव्हतं. मी वाकून फळीखाली पाहिलं. तिथे पानं होती, आधीपेक्षा गडद, आणि हलत होती.

मी फळी बाजूला ठेवली.

"ताई, गच्चीवर नेऊया," धाकटा म्हणाला. करवत अजून त्याच्या हातातच होती.

आम्ही दोन्ही बाजूंनी खुर्ची उचलून जिना चढलो. बाबांचं वजन जेमतेम खुर्चीएवढं उरलं होतं. मला रडू आवरेना.

गच्चीवर कोपऱ्यातल्या टाकीशिवाय काही नव्हतं. फरशी पायांना चटके देत होती.

सावली छातीवर आली. मग गळ्यावर.

धाकटा बाबांच्या पायांशी बसून तळवे चोळत होता. थंडी वाजते का, त्याने विचारलं.

"नाही रे. आता छान वाटतंय."

खरंच, दिवसभरात पहिल्यांदा त्यांचे हात थरथरत नव्हते. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. उन्हाचा गुण आला, असं त्याला वाटलं. तो हसत होता.

सावली बाबांच्या चेहऱ्यावर पसरली. ते वर बघत होते. मीही पाहिलं. आभाळ रिकामं होतं.

मग वाटेत आडवी आलेली फांदी चुकवताना वाकवावी, तशी बाबांनी मान खाली केली. ती त्यांनी पुन्हा वर केली नाही.