खिडकीवरची बाटली

लिफ्टचं दार मिटता मिटता तो आत शिरला, आणि त्याच्याबरोबर एक गोडसर, झणझणीत वासही. लिफ्टमध्ये आधीच उभी असलेली ती खालच्या मजल्यावर, हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर बसायची. तिचं नाक फार तिखट.

"गंधपुऱ्याचं तेल?"

"ओळखलंत की!" तो खुशीत हसला. दुपारी वॉर्डात मालिश करायला येतो तो हाच. "आठवडाभर वरच्या वॉर्डातल्या मास्तरांचे हातपाय चोळतोय. हृदयाच्या ऑपरेशननंतर आता कुठे झोपायला लागलेत..."

ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "अहो, त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, माझ्याच खिडकीवरून जाते! हे तेल कातडीतून मुरतं, गोळीचा जोर वाढवतं!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "वरून लावायचं तेल... त्याचा गोळीशी काय संबंध, असं वाटलं मला. कधी विचारलंच नाही."

दोघं धावत वर गेले. मास्तरांच्या दंडावर निळे डाग उमटले होते. लगेच रक्त तपासलं, गोळी थांबवली, आणि थोडक्यात निभावलं. डॉक्टरबाई मात्र कडाडल्या, "आजपासून मालिश बंद!"

तो बाटली पिशवीत टाकू लागला. मास्तर कळवळले. "बाई, जीव तुम्ही वाचवलात, कबूल. पण झोप मला याच्या हातांनी लागते हो."

आणि गंमत बघा, ज्या बयेनं आग लावली, तीच विझवायला पुढे झाली. "तेल बदलू या. साधं तिळाचं. रोज बाटली माझ्या खिडकीवर दाखवायची, कुणाला कुठली गोळी चालू आहे ते मी सांगेन. जबाबदारी माझी." हात दाखवून अवलक्षण, असं मनात म्हणतच ती बोलली.

मग रोज दुपारी बाटली यायची. ती बूच काढायची, डोळे मिटून वास घ्यायची.

"पास?"

"काठावर."

"तुमची मान आखडलीय."

"गोळी घेतलीय मी."

"गोळी घ्याच. पण जरा खांदे सैल सोडून बसाही."

तो गेल्यावर तिनं खांदे सोडून पाहिले. बरं वाटलं. त्याला अर्थातच सांगितलं नाही.

मास्तर ठणठणीत होऊन घरी गेले. डॉक्टरबाई खूश. "आता हा स्वतःच आधी गोळ्या विचारतो. खिडकीवरची तपासणी बंद केली तरी चालेल."

तिनं मान डोलावली, पण दुसऱ्या दिवशी जेवताना तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे. इतकी सवय लागली होती त्याची! आता तो कशाला येईल?

नेहमीच्या वेळी खिडकीवर बाटली टेकली.

"नियम उठला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"हे कालचंच तेल आहे."

"हो..."

"मग?"

"वास घेताना तुम्ही डोळे मिटता ना — तेवढ्यात मी तुम्हाला मनसोक्त बघून घेतो. आवडता तुम्ही मला. नियम उठला म्हणून ते कसं थांबवू?"

"अहो, आमच्या गोळ्या देताय ना?" रांगेतल्या आजी करवादल्या.

तिनं लाल झालेल्या कानांनी आजींच्या गोळ्या मोजल्या, आणि बाटली न उघडताच त्याच्याकडे सरकवली.

"पाच वाजता सुटते मी. बाटली घरी ठेवून या... आज मी डोळे उघडे ठेवणार आहे."