एक्केचाळीस नटांची नजर

काम तसं साधंच होतं. एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या वारसांनी आमच्या अभिलेखागाराला एक लाकडी पेटी दिली होती. तिच्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नटांचे एक्केचाळीस फोटो निघाले. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा उंदरांनी चाखलेल्या. कंपनी इंग्रजी नाटकं करायची. कुणी सरदार, कुणी भिकारी, कुणी विधवा, सगळे आपापल्या वेषात. मागे नाव एकाचंही नव्हतं. कोण, कुठल्या नाटकातलं, ते शोधून मला प्रत्येकाची नोंद करायची होती.

नुसत्या पोशाखावरून नाटक ओळखेल असा एकच माणूस मला ठाऊक होता. माझे बाबा. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं. पण आदल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. हातपाय थोडेफार सावरले, बोलणं मात्र गेलं. उरला एकच शब्द, 'खिडकी'. चहा हवा, खिडकी. पाठ दुखतेय, खिडकी. आत्या, त्यांची धाकटी बहीण, आमच्याकडे राहून त्यांचं सगळं करते. ती म्हणायची, दादा आयुष्यभर इतका बोलला की साठाच संपला. असं म्हणायची आणि आत जाऊन डोळे पुसायची.

मी फोटोंच्या प्रती घरी आणल्या. मी नाटकाचं नाव घ्यायचं, बाबांनी मान हलवायची, असं आमचं चाले. चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या हातात एका म्हाताऱ्या खलाशाचा फोटो दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग घसा खाकरला आणि इंग्रजीत बोलायला लागले. अडखळणं नाही, तोतरेपण नाही. समुद्रावरून परतलेला बाप मुलीला सांगतो आहे की, तुझं तोंड मला आठवत होतं, नाव आठवत नव्हतं. मध्येच ते थांबले. उजवीकडच्या कपाटाकडे मान वळवली, कान दिल्यासारखं केलं, आणि पुढचं वाक्य उचललं.

आत्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. मला रडू आलं.

डॉक्टर म्हणाले, पाठ केलेलं कधी कधी शाबूत राहतं, चांगलं लक्षण आहे. मीही तसंच धरून चालले. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे फोटो एकदम टेबलावर मांडले, तेव्हा माझं काहीतरी चुकतंय असं वाटलं. एक्केचाळीस जण, वेगवेगळी सालं, वेगवेगळे स्टुडिओ. आणि एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांची नजर चौकटीबाहेर, एकाच बाजूला. कुणीतरी तिथून काहीतरी सांगावं आणि आपण ते झेलावं, तशी.

फाटकी कागदपत्रं सांधणारे आमचे डिंककाका शेजारीच बसत. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, ओळ विसरली की हळूच सांगणारा प्रॉम्प्टर विंगेत बसायचा ना, तिकडे बघायची सवयच लागते या लोकांना. या कंपनीत म्हणे शेवटपर्यंत एकच माणूस प्रॉम्प्टर होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही. त्याची वही तेवढी पेटीच्या तळाशी असेल बघ.

वही होती. हाताने लिहिलेलं एक नाटक, कंपनीनेच रचलेलं, कधी छापलं न गेलेलं. चाळता चाळता म्हातारा खलाशी आला. तेच भाषण, शब्दन् शब्द. आणि मध्ये एका ठिकाणी पेन्सिलीने खूण होती, शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : इथे विसरतो.

बाबा बरोबर तिथेच थांबले होते.

ही पेटी आमच्याकडे येऊन दोन महिने झाले होते. त्याआधी ती एका माळ्यावर कुलपात होती. बाबांनी ते नाटक कुठे वाचलं? मी स्वतःला हजार उत्तरं दिली, एकही धड पटलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसले. एव्हाना मराठी शब्दही परतू लागले होते, दोन-दोन, तीन-तीन.

“बाबा, मध्ये विसरलात तर… कोण सांगतं तुम्हाला?”

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

“हळू… मध्ये बोलू नकोस. त्याची ओळ चुकते.”

मी घाबरले. फोटोंच्या प्रती उचलून ऑफिसात नेऊन ठेवल्या. आठवडाभर घरी फोटोंचं नावही काढलं नाही. त्या आठ दिवसांत बाबांचे शब्द एकेक करून गळाले. आठव्या दिवशी त्यांना पाणी हवं होतं आणि ते माझ्याकडे बघून खिडकी, खिडकी म्हणत राहिले, आणि आपण काय म्हणतोय हे त्यांचं त्यांना कळत होतं. म्हातारा माणूस ओक्साबोक्शी रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. मी प्रती परत आणल्या. माझ्या जागी कुणीही आणल्या असत्या.

आता ते पूर्वीसारखे बोलतात. वर्तमानपत्रातल्या चुका काढतात, आत्याशी भांडतात. शेजारीपाजारी कौतुकाने बघून जातात. ते कपाटाकडे बघणंही थांबलं. मी नोंदी पुऱ्या केल्या, पेटीला क्रमांक पडला, विषय मिटला असं मी म्हणत होते.

गेल्या रविवारी आत्याने मला गॅलरीत बोलावलं. गेले काही दिवस दादा दुपारी भिंतीकडे तोंड करून कुजबुजतो, म्हणाली. आधी तिला वाटलं, झोपेत बरळतोय. मग जवळ जाऊन ऐकलं. साधी साधी वाक्यं. ‘किल्ली टेबलावरच राहिली.’ ‘आज गाडी उशिरा आली.’ तो आपला सावकाश, एकेक शब्द सोडत, कुणाला तरी पुरवत असतो.

“आणि दुसऱ्या दिवशी तू दारातून आत येतेस…” आत्या म्हणाली, “आणि तेच बोलतेस.”

मी हसायचा प्रयत्न केला. तिने कॅलेंडरचं जुनं पान पुढे केलं. मागच्या कोऱ्या बाजूला तिने वाक्यं लिहून ठेवली होती, तारखांसकट. मी जे बोलले त्यापुढे तिने बरोबरची खूण केली होती. बहुतेक सगळ्यांपुढे खूण होती.

शेवटच्या वाक्यापुढे नव्हती. ते बाबा तीन दुपारी सलग सांगत होते, म्हणाली, एकसारखं, जणू समोरच्याला ते पाठच होत नाहीये.

‘आत्या, दार लोटून घे, त्यांना असं कुणी बघायला नको.’

हे वाक्य मी अजून बोललेले नाही.