श्वासाची जागा

पेटीवाल्याचं काम गायकाचा श्वास ओळखण्याचं. ओळ संपते, गायक दम घेतो, तेवढ्यात आपण दोन सूर भरायचे. नोकरी सांभाळून चाळीस वर्षं मी हेच केलं; बरं केलं की नाही, ठाऊक नाही. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर फारसं कुणी बोलवेना. म्हणून २००६ साली पुसदच्या अतुलनं एका मुलीच्या पहिल्या सीडीसाठी विचारलं, तेव्हा लगेच हो म्हटलं.

मुलगी ढाणकीची, दीपमाला. भीमगीतं स्वतः लिहायची, चालीही स्वतः लावायची. धम्मचक्र दिनाला सीडी नागपुरात पोचायला हवी होती. गाणी आठ, दिवस चार.

स्टुडिओ म्हणजे अतुलच्या घरातली वरची खोली. आदल्या हंगामात कापसाला भाव नव्हता, तर त्यानं घरच्याच कापसाच्या गाद्या भरून भिंतींना ठोकल्या. "व्यापाऱ्याले फुकट देण्यापेक्षा भिंतीले दिला," म्हणायचा. खोली अशी मुकी की स्वतःचं गिळणं ऐकू यावं.

तिथं मला दीपमालाचा श्वास ऐकू येईना. पहिल्या गाण्यात माझी जागा चुकली, दुसऱ्यातही.

"बेटा, दम कुठी घेतं तू? मले जागाच भेटत नाही."

"तुम्ही फक्त थांबू नका, काका."

चहाच्या वेळीही ती भाता सोडू देईना. "हवा चालू राहू द्या. पेटी थंड पडते."

पेटीचं असं काही नसतं. पण मला कुणाला नाही म्हणता येत नाही. डाव्या हातानं भाता, उजव्यात कप, चहा पायजम्यावर.

"काका, पेटीले चहा पाजून राह्यले का?" अतुल हसायचा.

तिसऱ्या दिवशी मनगट सुजलं. चौथ्या दिवशी, शेवटच्या गाण्यात, माझा संयम संपला. खोटं कशाला सांगू, मुद्दामच केलं. ऐन ओळीत भाता मिटला. घे म्हटलं आता दम.

तिचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

तोंड उघडंच राहिलं. छाती हलत नव्हती. डोळे माझ्या हातावर.

"वायर सुटली का हो?" अतुल काचेपलीकडून ओरडला.

तिचे ओठ निळे पडायला लागले.

मी भाता ओढला. उरलेला अर्धा शब्द तिनं म्हटला आणि गाणं पुरं केलं.

"झकास! तेवढी खाच मी कापून टाकतो," अतुल म्हणाला. त्यानं मशीन बंद केलं. "उठा न काका, झालं."

मी उठलो नाही. तो मान हलवत खाली गेला.

"पाच वाजता माय येते घ्यायले," दीपमाला हळूच म्हणाली.

सव्वाचार झाले होते. एकही पट्टी न दाबता मी भाता हलवत राहिलो. ती समोर बसून चपलेचा बंद नीट करत होती. भ्रम असेल माझा. हात काढून पाहावा, असं दहादा वाटलं.

काढला नाही.

पाचला जिन्यावर पावलं वाजली. तिची माय, मैनाबाई, दारात आली.

"सोडा आता, भाऊ. हात भरला असन तुमचा."

तिच्या गळ्यात दोरीनं एक जुनी पेटी अडकवलेली होती. तिला पट्ट्याच नव्हत्या. नुसता भाता होता, धरून धरून गुळगुळीत झालेला, आणि तो हलत होता.