सातव्या बोअरचा श्वास

"ताई, खाली कुणीतरी श्वास घेतंय!"

काई-लिन शेतात पालथा पडला होता. जमिनीतून वर आलेल्या एका वीतभर रुंद प्लास्टिकच्या पाइपाला त्याने कान लावला होता. खरं तर तो, त्याची ताई युन-चिएह आणि शेजारचा बो-शून पळालेला हंस शोधायला आले होते. हंस बाजूलाच ऐटीत उभा होता, पण आता त्याच्याकडे बघणार कोण? बांबूच्या चटया आणि निळी ताडपत्री अंथरून कोणीतरी तो पाइप झाकून ठेवला होता.

"काहीतरीच बोलू नकोस!" युन-चिएह म्हणाली आणि तिने पाइपावर हात धरला. लगेच झटक्यात मागे घेतला. ऑगस्टच्या भाजणाऱ्या उन्हात आतून गारढोण हवा येत होती. थांबत थांबत. अगदी श्वासासारखी.

"पंचांगातला भुतांचा सातवा महिना चालू आहे," काई-लिन कुजबुजला. "खालची माणसं वर येतात या महिन्यात. आपण घरी जाऊ या ना!"

"भुतं पाइपातून येत नाहीत, शहाण्या!" बो-शून म्हणाला. पण त्याचाही आवाज बारीक झाला होता. त्याने खिशातून एक गोटी काढली आणि पाइपात सोडली. तिघांनी श्वास रोखला.

एक... दोन... डुबुक!

"दोन सेकंद! म्हणजे वीसेक मीटर," बो-शूनने मनातल्या मनात गुणाकार केला. "आणि तळाशी पाणी. अरे, आपल्या पायांखाली पोकळी आहे!"

तिघांनीही एकदम आपल्या पायांकडे पाहिलं.

लिआओकेंग गावात नव्वद घरं. ओढ्याच्या काठावरच्या याच उंच शेतांवर एक बांधकाम कंपनी अठरा मजल्यांचे सहा टॉवर उठवणार होती. बाराशे फ्लॅट! गावात यायला एकच पूल, प्यायला एकच ओढा. पुलावर महिनाभर विरोधाचे लाल फलक फडकत होते. उद्या दुपारी दोन वाजता देवळासमोरच्या मांडवात सुनावणी होती, आणि कंपनी म्हणत होती की जागोजागी बोअर मारून पाहिल्या, खालचा खडक भक्कम आहे.

"लपा!" युन-चिएहने दोघांना पाटात ओढलं. बांधावरून दोन माणसं येत होती. पुढे पांढऱ्या हेल्मेटातले कंपनीचे त्साई साहेब, मागे बोअर मारणारे लाइ काका.

"ताडपत्री कोणी सरकवली?" त्साई साहेब खेकसले. "चार वाजता सिमेंट ओता आणि वर माती लोटा. अहवालात सात नंबरची बोअर देवळाजवळ दाखवली आहे. तीच खरी!"

"साहेब, इथे रॉड एकदम हातातून खाली गेला हो. वीस वर्षांत असं झालं नाही. मी घाबरलो."

"तुम्हाला घाबरायचा पगार मिळत नाही!"

पाटातल्या गढूळ पाण्यात तिघं हनुवटीपर्यंत बुडून बसले होते. काई-लिनच्या मानेवर एक जळू चढली, तरी तो हूं की चूं करेना. पावलांचा आवाज विरला तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं आणि अशी किंकाळी मारली की हंस पुन्हा पळाला!

पळत पळत तिघं गावप्रमुख फान काकांकडे गेले. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाळांनो, त्यांच्याकडे शिक्के मारलेला अहवाल आहे. तुमच्या एका गोटीवर मी काय भांडू?"

घरी आजोबा ओट्यावर बसले होते. सगळं गाव त्यांना आकुंग म्हणायचं. लहानपणी ते कोळशाच्या खाणीत गाड्या ढकलायचे.

"तीन नंबरचा बोगदा," ते लगेच म्हणाले. "ओढ्याच्या काठाला त्याचं तोंड. तिथून सरळ आपल्या शेतांखाली जातो."

"पण आकुंग, कंपनी म्हणते की तो तीस पावलांवर संपतो!" युन-चिएह म्हणाली.

"कोण म्हणतं? मी ढकलल्यात ना गाड्या! जेवलास का रे, आ-फू?" त्यांनी काई-लिनला विचारलं. आ-फू हा त्यांचा केव्हाच वारलेला भाऊ. आजोबांच्या डोक्यात हल्ली दिवसांचा असा गुंता व्हायचा. म्हणून तर त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

"बोगद्याचं तोंड विटांनी बंद केलंय," बो-शून विचार करत म्हणाला. "पण भिंतीतल्या नळीतून पाणी ठिबकतं. ते पाणी आपल्या शेताखालून येत असेल तर? वरून रंग ओतू या!"

युन-चिएहची नजर स्वयंपाकघराकडे गेली. पूजेच्या लाल तांदूळ-केकसाठी आत्याने रंगाची मोठी बरणी आणून ठेवली होती.

"आत्या मला सोलून काढेल," ती म्हणाली आणि बरणी उचलली.

साडेतीनला तिघं पुन्हा बोअरपाशी होते. घाईत रंगाची पहिली धार युन-चिएहच्या स्वतःच्याच गुडघ्यांवर सांडली. बो-शून रस्त्यावर नजर ठेवून होता. काई-लिन पाटातून पाण्याच्या बादल्या आणत होता. रंग, पाणी, पुन्हा पाणी...

"झालं! ही शेवटची!" काई-लिन ओरडला.

तेवढ्यात त्याच्या पायाखालची जमीन कुरकुरली आणि तो दिसेनासा झाला!

नाही, डोकं दिसत होतं. तो छातीपर्यंत मातीत गेला होता. त्याच्याभोवती माती भुसभुशीत होऊन घसरत होती, आणि खाली खोलवर ढेकळं पाण्यात पडत होती. डुबुक. डुबुक.

"ताई!" तो ओरडलासुद्धा नाही, नुसता म्हणाला. "माझ्या पायांखाली काहीच नाही."

युन-चिएह थबकली. धावत जावं तर तीही आत जाणार. ती पोटावर आडवी झाली, चटई पुढे सरकवली आणि तिच्यावरून इंच इंच रांगत गेली. "माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस. हात दे!"

तिच्या बोटांना त्याची बोटं लागली, पण पकड बसेना. जमीन पुन्हा कुरकुरली.

"सरक, पोरी! बांबू धर!" मागून आवाज आला. लाइ काका! सिमेंटची गोणी टाकून ते धावत आले होते. लांब बांबू त्यांनी काई-लिनच्या काखेखाली सरकवला, बो-शूनने दुसरं टोक धरलं आणि तिघांनी जीव खाऊन ओढलं. काई-लिन बाहेर आला, एक चप्पल मात्र कायमची खाली गेली.

सगळे रांगत बांधावर आले. काई-लिनचे दात वाजत होते. लाइ काका युन-चिएहच्या गुडघ्यांवरच्या लाल डागांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नोकरी आहे रे माझी. सिमेंट ओतावंच लागेल. पण तुम्ही इथे काय करत होता, ते मी पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, एक वाजला. नळीतून येणारं पाणी स्वच्छच! बो-शून ओढ्यावर पहाऱ्याला बसला. युन-चिएह आणि काई-लिन मांडवात मागे उभे होते. समोर जिल्हा कार्यालयातून आलेल्या इंजिनिअर बाई, आणि त्साई साहेब हातात जाडजूड अहवाल घेऊन.

"विरोध करणाऱ्यांकडे पुरावा काय?" ते हसून म्हणाले. "एका विसराळू म्हाताऱ्याच्या गोष्टी?"

आकुंगनी मान खाली घातली. ते युन-चिएहला बघवेना. ती गर्दीतून पुढे झाली. "सात नंबरची बोअर देवळाजवळ नाही! आमच्या शेतात आहे. काल त्यात आम्ही लाल रंग ओतला. खाली पोकळी आहे. माझा भाऊ त्यात पडत होता!"

"कल्पनाशक्ती छान आहे!" त्साई साहेब म्हणाले. "कुठाय तो रंग?"

युन-चिएहने ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं. रंग नव्हता. काई-लिनने तिचा शर्ट घट्ट धरला.

"आला! आला!" बो-शून धापा टाकत धावत आला. त्याच्या हातातल्या बाटलीत लालभडक पाणी होतं. "नळीतून येतंय! खालची बदकं गुलाबी झाली!"

मांडवात नुसता हलकल्लोळ! सगळे ओढ्याकडे धावले, इंजिनिअर बाई सर्वांत पुढे. विटांच्या भिंतीतून लाल धार सरळ ओढ्यात पडत होती. त्साई साहेब म्हणाले, "पोरांनी इथेच रंग टाकला असेल!"

"नाही, साहेब." गर्दीतून लाइ काका पुढे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मीच ती बोअर मारली. मीच काल बुजवली. आणि या मुलाला मीच बाहेर काढलं."

बाईंनी त्साई साहेबांच्या हातातला अहवाल घेऊन मिटला. "आजपासून मंजुरी थांबली. शेताला आत्ताच्या आत्ता कुंपण घाला. बाराशे घरं या जमिनीवर, म्हणजे... नको, विचारही नको."

फान काका मुलांसमोर आले आणि सगळ्या गावादेखत वाकले. "मी तुमचं ऐकायला हवं होतं. तुम्ही गाव वाचवलंत! उरलेला प्रश्न आमचा. गावातल्या तरुण पोरांना घरं हवीतच, पण ती शाळेमागच्या खडकावर बांधू, चार मजल्यांची."

आत्या ओरडली, "आणि माझी रंगाची बरणी?" मग स्वतःच हसली आणि तिने तिघांना एकदम कवेत घेतलं.

इंजिनिअर बाईंनी दगडावर नकाशा पसरला आणि पेन्सिल आकुंगच्या हाती दिली. "बोगदा कुठून कुठे जातो, तुम्हीच दाखवा." आकुंग पेन्सिल कागदावर टेकवून न अडखळता काढू लागले. एक रेघ, दोन फाटे, पाणी साठायची जागा.

"काल भीती वाटली?" नकाशावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं.

"खूप," काई-लिन म्हणाला.

"मलाही वाटायची. रोज." त्यांनी वर पाहिलं. या वेळी त्यांनी त्याला नातवाच्याच नावाने हाक मारली. "ये, काई-लिन, इथे बस. तू कुठे पडलास, ते या कागदावर तू मांड. ते माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत."