परीक्षेचं गाव

चेन्नईतल्या मैलापूरच्या उंच स्टेशनावर संध्याकाळी साडेसहाला समुद्राकडून वारा येतो. त्याच वेळी अवनी तिथल्या बाकावर बसून फुकटचं वायफाय लावायची. एका फोनला दिवसाला अर्धा तास, असा तिथला नियम होता. तिला ऐकायचं व्याख्यान मात्र चौतीस मिनिटांचं असायचं.

त्या संध्याकाळी प्राध्यापक फळ्यावर पिशवीतल्या लाल आणि पांढऱ्या चेंडूंचं गणित मांडत होते. खडूचा हात वर गेला... आणि तिथंच थांबला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. अवनीनं इयरफोन काढला, आणि तोच आवाज तिला बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू आला.

तिथं चष्मा लावलेला एक तरुण गुडघ्यावर वही घेऊन बसला होता. त्याच्या फोनवर तेच प्राध्यापक, तोच फळा; आदल्या दिवशी अडलेलं व्याख्यान त्यानं आज पुढे लावलं होतं. आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य – "पुढचं सोपं आहे." सगळ्यात अवघड पायरी आली की ते हमखास असं म्हणत.

अवनी नकळत थोडी सरकली. त्यानं मान वर केली नाही, फक्त फोन हळूच बाकाच्या मध्यावर ठेवला. उरलेली चार मिनिटं दोघांनी फळ्याकडेच पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं नाही – निदान एकाच वेळी तरी नाही.

"तुम्ही मऱ्हाटी आहांत," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या वहींत पाहिलें."

चेन्नईत असं मराठी कानावर पडेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं विचारलं, तुम्ही कुठले?

"आम्ही तंजावरचे. येऊन तीनशे वरसं जालीं." जणू सकाळच्या बसनं उतरला होता, अशा सुरात त्यानं हे सांगितलं.

त्याचं नाव सुधींद्र. मैलापुरात काकांच्या छापखान्यात तो लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचा. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारपणात त्याचं कॉलेज सुटलं होतं, एका विषयाचे तीन क्रेडिट तेवढे राहिले होते. आता कॉलेज या फुकटच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे क्रेडिट धरतं, हे कळल्यावर त्यानं जुन्या वह्या पुन्हा बाहेर काढल्या होत्या. अवनीही तीन क्रेडिटांवर अडली होती. ती नाशिकची. डिप्लोमा करून शहरातल्या गिंडी भागात मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कंत्राटावर लागलेली, जोडीनं पदवी करणारी. पदवी हातात पडली तर नोकरी कायम. पण कंत्राट मार्चअखेरच संपत होतं, मग सामान बांधून नाशिक.

मग रोजचंच झालं. दोन फोन, दोन अर्धे तास – मिळून एक सबंध तास. आधी तिचा फोन, मग त्याचा. बुधवारी स्वाध्याय पाठवायचा असे, त्या दिवशी तो खालच्या टपरीवरून दोन कॉफी आणायचा आणि तिची कॉफी गार होऊ नये म्हणून तिच्याच उघड्या वहीनं झाकून ठेवायचा. पानावर उमटलेलं तपकिरी वर्तुळ पुसायचा तिनं कधीच प्रयत्न केला नाही.

"तुम्ही बोलता तेव्हा वाटतं, बखर वाचतेय," ती एकदा म्हणाली.

"मग बंद करूं?"

"नको..." ती समोरच्या देवळाच्या गोपुराभोवती फिरणाऱ्या पारव्यांकडे पाहत म्हणाली, "पान उलटा."

फेब्रुवारी संपता संपता परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली. त्यात एक रकाना होता : परीक्षेचं गाव. परीक्षा एप्रिलच्या शेवटी. तोवर कंत्राट संपलेलं असणार. अवनीनं नाशिक लिहिलं आणि तसं त्याला सांगितलं. सांगताना तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं.

सुधींद्रनं बराच वेळ चष्मा पुसला. मग विचारलं, "नाशिक लांब आहे?"

"खूप."

"बरें," तो म्हणाला.

त्या "बरें"चा राग तिला दुसऱ्या सकाळी गिंडीच्या बसमध्येही जाईना. राग कोणावर, हेही नीट कळेना. अर्जात दुरुस्ती करायला तीन दिवसांची मुदत होती. तिनं उभ्या उभ्याच फोन काढला आणि नाशिक खोडून चेन्नई लिहिलं. ऑफिसात पोचल्यावर, कधी नव्हे ते धीर करून, साहेबांकडे कंत्राटाला निकालापर्यंतची मुदतवाढ मागितली. साहेब हो म्हणाले. सुधींद्रला मात्र तिनं काही सांगितलं नाही. प्रवेशपत्र आलं की त्याच्यापुढे धरू, आणि तेव्हा त्याचा चेहरा पाहू... असं तिनं मनाशी ठरवलं.

तो आठवडाभर तोही उगाचच खुशीत दिसत होता.

प्रवेशपत्रं आली त्या संध्याकाळी दोघांनी आपापले फोन एकदमच बाकाच्या मध्यावर ठेवले. तिच्या पत्रावर गाव होतं चेन्नई. त्याच्या पत्रावर – नाशिक.

एक गाडी आली, थांबली, गेली. दोघांपैकी कोणी हललं नाही.

"चूक जाली," तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

"माझीही," ती म्हणाली. का, ते त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. दुरुस्तीची मुदत तर केव्हाच सरली होती. जरा वेळानं ती हसायला लागली आणि म्हणाली की जातच आहात तर आईसाठी कॉफीची पूड न्या, पत्ता देते.

परीक्षेच्या रविवारी अवनीनं चेन्नईत पेपर दिला आणि दुपारी स्टेशनवरच्या बाकावर येऊन बसली. बाक आज फार लांब वाटत होता. चारच्या सुमाराला आईचा फोन आला.

आईचा आवाज दबका होता. तिनं सांगितलं, मुलगा कॉफीची पूड घेऊन आला, जेवला, उठून स्वतःचं ताट घासायला निघाला. बोलतो तर कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. बाबांनी विचारलं, घराजवळ परीक्षा सोडून इतक्या लांब कशाला आलात?

"मग?" अवनीनं विचारलं.

"म्हणाला, तुमची मुलगी इथें येणार म्हणून मी आलों. पण ती तिथेंच राहिली. का राहिली, तें विचारायचा मला धीर होत नाहीं. तुम्ही विचाराल का?" आई क्षणभर थांबली. "तर विचारते आहे बाई. का राहिलीस?"

समुद्राचा वारा सुटला. बाकावरच्या वहीची पानं उलटत गेली आणि कॉफीच्या एका वर्तुळाशी येऊन थांबली.

"आई... त्यांना दे फोन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग फोन त्याच्या हाती आला.

"चेंडूंचं गणित आलं होतं?" तिनं विचारलं.

"आलें. शेवटच्या चार मिनिटांतलें."

"बरोबर आलं?"

"तें एक नक्की बरोबर आलें."

"माझंही." तिनं डोळे मिटले. "सुधींद्र, मी तुमच्यासाठी राहिले."

मग मागून बाबांचं खोकणं आणि आईचं दाबलेलं हसू ऐकू आलं. आणि त्यानंतर, घाबरलेला, पण अगदी आनंदी असा त्याचा आवाज –

"मग पुढचं सोपं आहे."

प्राध्यापक हे वाक्य नेमकं केव्हा म्हणतात, ते दोघांनाही पाठ होतं. अवनी हसली, वही मिटून पिशवीत ठेवली, आणि नाशिकहून येणारी गाडी चेन्नईला कधी पोचते, ते फुकटच्या अर्ध्या तासात शोधू लागली.