उद्याचा विजेता आजच!

“थांब सुसाटताई! फडकं फिरवू नकोस! आधी वाच!”

शंकासूर एवढ्या जोरात ओरडला की सुसाटच्या हातून करंडक सटकला आणि रेडिओनं तो मांडीवर झेलला.

हे तिघं सुट्टीत मामांच्या दुकानात करंडक पुसत बसले होते. म्हणजे शंकासूर आणि त्याची बहीण रेडिओ यांचे मामा, आणि सुसाटचे बाबा. ते करंडक, ढाली आणि पदकं विकत आणि त्यांच्यावरच्या पितळी पट्ट्यांवर नावं कोरून देत.

“‘सायकल शर्यत. विजेता’,” रेडिओनं वाचलं, “आणि खाली रॉकेटचं नाव! रॉकेट गेल्या वर्षी पहिला आला होता ना?”

“हो, पण हा करंडक या वर्षीचा आहे. आणि शर्यत उद्या आहे!” शंकासूर म्हणाला.

तिघांनी पट्टी पुन्हा वाचली. रेडिओनं तर मोठ्यानं!

सुसाटचा चेहरा उतरला. उद्या तीही पळवणार होती सायकल. रोज पहाटे तळ्याभोवती फेऱ्या मारून तिच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते. लहानपणापासून तिनं लोकांच्या नावाचे ढीगभर कप पुसले होते. विजेता, उपविजेता, तृतीय, उत्तेजनार्थ... सगळे चकाचक करून दुसऱ्यांच्या घरी रवाना! एक कप आपल्या नावाचा असावा, एवढंच तिला हवं होतं.

“बाबा, हे काय?”

मामांनी यंत्रावरून मानही वर केली नाही. “क्रीडा मंडळाच्या सचिवांचा फोन आला होता. म्हणाले, सगळं गेल्या वर्षीसारखंच करा, नावांसकट. गिऱ्हाईक सांगेल ते मी कोरतो. मी काय ज्योतिषी आहे?”

“शर्यत फिक्स आहे!” रेडिओ कुजबुजली. तिची कुजबुज समोरच्या चांभारालाही ऐकू गेली.

“आधी चौकशी, मग बोंबाबोंब,” शंकासूर म्हणाला. खोकी पोचवायचं निमित्त करून तिघं मंडळाच्या कचेरीत धडकले.

सचिव एका हातानं पताका सोडवत होते आणि दुसऱ्या हातानं बिस्किट चहात बुडवत होते. पताकेचं एक टोकही चहात बुडत होतं, ते त्यांच्या गावी नव्हतं.

“काका, विजेता आधीच ठरलाय का हो?” सुसाटनं सरळच विचारलं.

“छे छे! ज्याच्यात जोर असेल त्यानं जिंकावं.”

“मग नाव कसं कोरलंत?”

“अगं, गेल्या वर्षी बक्षिसांवर नावं उशिरा कोरली, तर पालकांनी आधीच्या सचिवांचं डोकं खाल्लं. म्हटलं, यंदा आधीच कोरून ठेवू. दर वर्षी तीच तर पोरं पहिली येतात!”

“आणि दुसरंच कुणी जिंकलं तर?”

“तर त्याचं नाव पुढच्या वर्षी कोरू! हाय काय नि नाय काय!”

तिघं बाहेर आले. यात लबाडी नव्हती, नुसता आळस होता. पण लबाडाला पकडता येतं, आळशाला कसं पकडायचं?

“सगळं गेल्या वर्षीसारखं...” शंकासूर पुटपुटला आणि एकदम उडालाच. “उद्या ‘उत्कृष्ट सचिव’ म्हणून काकांनाही सन्मानचिन्ह मिळणार आहे ना? तेही आपल्याकडेच बनतंय!”

“पण गेल्या वर्षी सचिव दुसरेच होते की!” रेडिओ म्हणाली.

तिघं दुकानाकडे धूम पळाले. मामांनी बेत ऐकला, चष्मा पुसला आणि मिशीत हसत म्हणाले, “गिऱ्हाइकाचा शब्द म्हणजे शब्द.”

संध्याकाळी तिघांनी नेऊन दिलेलं सन्मानचिन्हाचं खोकं सचिवांनी उघडलं आणि ते किंचाळले, “हे... हे तर जुन्या सचिवांचं नाव! राबलो मी! खुर्च्या मी मोजल्या! पताका मी सोडवल्या!”

“बरोबर आहे काका,” सुसाट गोड आवाजात म्हणाली. “तुमचं नाव पुढच्या वर्षी कोरू.”

सचिव लाल झाले. मग गुलाबी. मग खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. “चुकलो रे पोरांनो! काढा त्या पट्ट्या. आणि मामांना म्हणावं, उद्या हत्यारं घेऊन मैदानातच बसा!”

दुसऱ्या दिवशी शर्यत अशी रंगली की विचारू नका! पहिली आली बेकरीवाल्याची मुलगी, तीही पाव पोचवायच्या सायकलवर! रॉकेट तिसरा आला. आणि दोघांच्या मध्ये, जीभ बाहेर काढून, सुसाट!

मामा टेबलाशी बसून भराभर नावं कोरत होते. ‘उपविजेता’ शब्दाखाली मात्र त्यांचा हात एकदम सावकाश चालायला लागला.

“मामा, लवकर! पाहुणे खोळंबलेत!” रेडिओ म्हणाली.

“खोळंबू देत,” मामा म्हणाले.

प्रमुख पाहुण्यांनी करंडक देताना सुसाटबरोबर शंकासूर आणि रेडिओलाही मंचावर बोलावलं. “ज्यानं कमावलं त्याचंच नाव लागावं, यासाठी ही मुलं भांडली. शाबास रे!” सचिवांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सोमवारी एक गिऱ्हाईक दुकानात शिरलं. मधल्या फळीवरच्या करंडकाकडे बोट दाखवून म्हणालं, “हा छान आहे. केवढ्याला?”

“तो सोडून कुठलाही मागा,” मामा म्हणाले. “तो आमच्या घरचा आहे.”