गाठ कुणी मारली

"अक्का, शनिवारच्या कार्यक्रमाला तू येऊ नकोस," धाकटी म्हणाली, आणि बोलून झाल्यावर पुढ्यातला चहाचा कप तिनं उगाचच उचलून परत खाली ठेवला.

अक्काच्या हातातली इस्त्री थबकली. सव्वा वर्षानं बहीण दारात आली होती... गाडी रस्त्याच्या तोंडाशी ठेवून, दोन जिने चढून आली होती, आणि जिन्यावरची ती पावलं ओळखून अक्काचं वेडं काळीज कितीतरी वेळ धडधडत होतं. ते हे ऐकायला! तिनं गिऱ्हाइकाचा शर्ट उलटा केला, कॉलरवर पाणी शिंपडलं आणि शांतपणे विचारलं, "मी कुठं येणार होते? मला बोलावलंय कुणी?"

"बोलावतील. मालकांनी सांगितलंय, घरच्यांना पुढं बसवा. सगळ्या लॉंड्र्यांचा कारभार आता माझ्याकडे येतोय ना... पण जुन्यांपैकी चारदोन बायका अजून कामावर आहेत. त्यांनी तुला ओळखलं तर..."

"तर म्हणतील, हिच्याच बहिणीनं बुलबुलचा हात घालवला."

धाकटीच्या मांडीवर टाइप केलेला कागद होता. नव्यानं लागलेल्या मुलींपुढं तिला भाषण करायचं होतं. चष्म्याशिवाय अक्काला मथळा तेवढा दिसला. 'काम आणि आयुष्य : यशस्वी व्हायला काय लागतं?'

"काय लागतं गं?" अक्कानं विचारलं. टोमणा मारावा असं तिच्या मनात नव्हतं, पण शब्द बाहेर पडताना त्याला धार आलीच.

धाकटीनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये कोंबली, आणि "येते" एवढंही न म्हणता ती जिना उतरून गेली.

तेवीस वर्षांपूर्वी दोघी एकाच लॉंड्रीत होत्या. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं गाड्याच्या गाड्या भरून येत, धुतल्या जात, आणि वाफेनं तापलेल्या रुळांच्या मशीनमधून कडक इस्त्री होऊन बाहेर पडत. त्या रुळांपुढं अक्का आणि बुलबुल नऊ वर्षं शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. बुलबुल हे काही तिचं खरं नाव नव्हे. काम करताना ती सारखी गुणगुणायची, म्हणून सगळ्या तिला तसं म्हणायच्या. दोघींना एकमेकींकडे बघावंही लागत नसे. हिचा हात उचलला की तिचाही उचललेला असायचा.

धाकटी त्याच लॉंड्रीत मुकादमीचं काम शिकत होती. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि अक्का एकोणीस. वडिलांनी तर त्याआधीच घराकडे पाठ फिरवली होती. तेव्हापासून अक्कानं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. लग्नाचं विचारायला आलेल्या एका भल्या माणसाला तिनं "धाकटीचं मार्गी लागू दे" म्हणून थांबायला सांगितलं, आणि तो थांबला नाही. त्याचंही तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. विसाव्या वर्षी धाकटीची मुकादम म्हणून निवड झाली. सोमवारी पत्र हातात पडणार होतं.

शुक्रवारी तो प्रसंग घडला.

रुळांच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी असायची. हात चुकून पुढं गेला की पट्टीला लागायचा आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. पण चादरीचा बोळा लागला तरी ते थांबायचं. दिवसातून वीसदा थांबायचं. त्या दिवशी चार वाजता इस्पितळाची गाडी सुटायची होती आणि निम्म्या चादरी तशाच पडून होत्या. अक्काला सुकवायच्या विभागात धाडलं होतं. धाकटीनं फाटक्या चादरीची किनार घेतली, पट्टी मागं ओढून बांधून टाकली, आणि अक्काच्या जागी स्वतः चादरीचं टोक धरून उभी राहिली. तासभर काम कसं झरझर चाललं... आणि मग एकाएकी बुलबुलचं गुणगुणणं थांबलं.

अक्का धावत आली तेव्हा मशीन बंद केलेलं होतं, बुलबुलला उचलून नेलं होतं, आणि साहेब ती किनार हातात धरून विचारत होते, "ही गाठ कुणी मारली?" धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. अक्कानं त्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं, आणि तिच्या अंतःकरणातून उत्तर आपसूक वर आलं.

"मी," ती म्हणाली. "सकाळी मीच बांधली."

अक्काला काढून टाकलं. त्या कामात तिला पुन्हा कुणी उभं केलं नाही. इस्पितळात बुलबुलच्या पलंगाशी बसून ती रडत रडत म्हणाली होती, "माझ्या हातून झालं गं. मीच बांधली होती." बुलबुलनं तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलं. ती शिक्षाही अक्कानं पदरात घेतली. घरोघरचे कपडे आणून इस्त्री करताना, दुखरा खांदा दाबत, ती स्वतःला समजावायची... एकीचं तरी सोनं झालं! धाकटी मात्र जसजशी वर चढत गेली तसतशी तिच्याकडे यायची कमी झाली. सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला, मग आठवण झाली तर.

धाकटी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून नर्सचा फोन आला. बुलबुल अत्यवस्थ होती आणि तिला अक्काला भेटायचं होतं.

खाटेवर नुसता सांगाडा उरला होता. मनगटाशी संपलेला उजवा हात पांघरुणावर ठेवलेला होता. अक्का दाराशीच घुटमळली.

"ये, बस," बुलबुल म्हणाली. "माझ्याकडे फार वेळ नाही, त्यामुळे रडून घ्यायचं ते घरी जाऊन रड. मला एक सांग, गाठ कुणी मारली होती?"

"तेवीस वर्षं झाली गं..."

"वर्षं मी मोजलीत. मी विचारलं ते सांग."

"मी..."

"अजूनही?" बुलबुलनं डोळे मिटले. "अगं, ती गाठ मारत होती तेव्हा मी तिथंच होते. मीच तिला म्हटलं, घट्ट बांध, सुटेल. मलाही घरी लवकर जायचं होतं."

खोलीत पलीकडे कुणीतरी खोकत होतं. अक्का दारातून पुढं आली.

"मग तू माझ्यापासून तोंड का फिरवलंस?"

"साहेबांशी खोटं बोललीस, ते मी समजू शकते. पण इथं, अशाच खाटेशी बसून, तू माझ्याशी खोटं बोललीस. नऊ वर्षं एका चादरीची दोन टोकं धरली आपण. मला कानात खरं सांगितलं असतंस तर मी तुझ्या धाकटीला तेव्हाच्या तेव्हा माफ केलं असतं. गेलेला हात माझा, आणि माफ कुणाला करायचं ते ठरवलंस तू." तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "आणि एवढं करून झालं काय? तुला काढलं आणि साहेब मोकळे झाले. माणूस वाढवला नाही, वेळ वाढवून दिला नाही. आठ महिन्यांनी शेजारच्या मशीनवर आपल्या त्या ठेंगणीची दोन बोटं गेली. पट्टी तशीच बांधलेली होती. तुला नाही कुणी सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. जो त्याग तिनं इतकी वर्षं उराशी धरून ठेवला होता, ज्याच्या आधारावर ती रोज उठत होती, त्याच्याखाली आणखी एका बाईची बोटं चिरडली होती...

ती इस्पितळातून थेट लॉंड्रीवर गेली. फाटकावरच्या माणसाला तिनं "तुमच्या मोठ्या बाईंची बहीण" म्हणून सांगितलं. मशीनघरात शिरताच वाफेचा आणि ब्लीचचा तोच वास अंगावर आला. पहिल्याच मशीनपुढं दोन कोवळ्या मुली भराभर चादरी घालत होत्या, आणि लोखंडी पट्टी मागं ओढून पांढऱ्या किनारीनं बांधलेली होती.

अक्का पुढं झाली. तिनं लाल बटण दाबलं. घरघर करत रूळ थांबले. मग दातांनी आणि नखांनी ती गाठ सोडवू लागली.

"ओ बाई, कोण तुम्ही? हात काय लावता?" मुकादम धावत आला. बायका जमल्या. वरच्या केबिनच्या काचेतून कुणीतरी पाहिलं, आणि धाकटी जिना उतरून आली... आणि शेवटच्या पायरीवर खिळून राहिली.

गाठ सुटली होती. अक्कानं किनार तिच्यासमोर धरली.

"ही गाठ मी मारलेली नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आणि ती पण मी मारली नव्हती."

जुन्या बायकांपैकी एकीनं दचकून धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं बहिणीचा दंड धरला, तिला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"बुलबुलला सगळं माहीत आहे," अक्का म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

धाकटी खुर्चीत कोसळली. तिनं डोकं टेबलावर टेकलं, आणि ती बोलली तेव्हा तिच्या स्वरात अपराध होता तितकाच संतापही होता. "मी मागितलं होतं का तुझ्याकडे? मी तोंड उघडलं होतं, अक्का. सांगणारच होते. तेवढ्यात तू 'मी' म्हणालीस, आणि माझं तोंड जे मिटलं ते मिटलं. नंतर खरं बोलायचं म्हणजे तुला खोटं पाडायचं! एक दिवस गेला, एक महिना गेला... मग पुढं माझा धीरच सुटला. तुझ्या घरी आले की तुझा तो खांदा बघायचा, तुझा चहा प्यायचा, आणि तू एकदाही बोलून दाखवायचं नाहीस. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं."

आपण तिला वाचवलं, एवढंच अक्का जाणत होती. तिचा शब्द आपण तोंडातून काढून घेतला, हे आज तिला कळत होतं.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "तू लहान आहेस असंच वाटायचं मला."

"आणि ठेंगणीच्या वेळी मी लहान नव्हते." धाकटीनं डोळे पुसले नाहीत. "माझ्या हाताखालच्या सगळ्या लॉंड्र्यांत पट्ट्या बांधलेल्या असतात. मला ठाऊक असतं. मी खाली उतरण्याआधी फोन करते, म्हणजे तेवढ्यापुरत्या सोडतात."

त्या संध्याकाळी दोघी इस्पितळात गेल्या. अक्का बाहेरच्या बाकावर बसली. धाकटीचं बोलून होईपर्यंत आत जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. अर्ध्या तासानं धाकटी बाहेर आली ती रडून रडून चेहरा सुजवूनच. "मला म्हणाली, किती उशीर केलास. मग म्हणाली, जवळ ये, आणि डाव्या हातानं माझ्या केसांवरून हात फिरवला." मग अक्का आत गेली. अक्का नुसती उशाशी बसली, आणि बुलबुल तिच्याकडे तोंड करून झोपी गेली. शुक्रवारी पहाटे ती गेली.

शनिवारी अक्का कार्यक्रमाला आली. धाकटी स्वतः तिला न्यायला गेली होती.

जेवणघरातली टेबलं हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. मालक, साहेबलोक पुढं बसले. मागं नव्या मुली, त्यांच्यामागं जुन्या बायका. धाकटी उठली. टाइप केलेला कागद तिनं काढलाच नाही.

"यशस्वी व्हायला काय लागतं, ते मला सांगायला सांगितलंय," ती म्हणाली. "मला काय लागलं ते सांगते. एका बाईचा उजवा हात लागला. ती काल वारली. माझ्या बहिणीच्या नोकरीचा बळी लागला, तिच्या नावाचाही लागला. ती पट्टी मी बांधली होती. सोमवारी कामावर याल तेव्हा कुठलीही पट्टी बांधलेली दिसली तर मशीन बंद करा, आणि माझं नाव सांगा. सोमवारी मी इथं असेन की नाही ते मला माहीत नाही. तरी सांगा."

टाळ्या वाजल्या नाहीत. मालक शेजारच्या साहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि उठून निघून गेले. नव्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई उठली. तिच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या वेळी तुम्ही मुकादम होता. तेव्हा कुठं होता तुम्ही?"

धाकटीची नजर भिरभिरत अक्कावर येऊन थांबली, लहानपणी अंधारात थांबायची तशी.

अक्का उठली. गुडघे कुरकुरले. खुर्च्यांमधून वाट काढत ती पुढं गेली आणि बहिणीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तिच्या घशाशी दहा सबबी दाटून आल्या होत्या... पोर तेव्हा एकवीस वर्षांची होती, वरून दट्ट्या होता, तिच्यावर ओरडू नका... त्या सगळ्या तिनं गिळल्या आणि तोंड मिटून घेतलं.

"वर होते," धाकटी म्हणाली. "केबिनमध्ये. मला ऐकू आलं होतं."

"मग खाली का नाही आलात?"

अक्कानं तिचा हात हातात घेतला. धाकटीनं एक लांब श्वास घेतला, आणि ती सांगू लागली.